सिस्टिम फाइल चेकर

सिस्टिम फाइल चेकर (लघुरूप: एसएफसी) हे मायक्रोसॉफ्ट विंडोज या संचालन प्रणालीत अंतर्भूत असलेले दुरुस्तीचे साधन आहे. प्रणालीच्या संरक्षित फाइली मूळ स्वरूपात आहेत की नाहीत हे तपासणे आणि बिघडलेल्या, बदललेल्या किंवा नाहीशा झालेल्या फाइलींच्या जागी योग्य प्रत ठेवणे हे त्याचे कार्य होय. विंडोज ९८ मध्ये ते प्रथम उपलब्ध झाले. विंडोज २००० पासून ते आज्ञा देऊन चालवले जाते आणि विंडोजच्या सर्व्हर आवृत्त्यांमध्येही ते असते.

एसएफसी स्वतः कोणतीही फाइल निर्माण करीत नाही. दुरुस्तीसाठी लागणारी निर्दोष प्रत त्याला संगणकातील राखीव साठ्यातून अथवा स्थापनेच्या तबकडीतून मिळवावी लागते. उत्पादकाचे पाठबळ संपलेल्या सर्व्हर प्रणालीवर, म्हणजे विंडोज सर्व्हर २००३, २००८, २००८ आर२ आणि २०१२ यांसारख्या आवृत्त्यांवर, हा साठा पुष्कळदा अपुरा किंवा स्वतःच बिघडलेला असतो. त्यामुळे अशा सर्व्हरवर एसएफसी का अयशस्वी होते हे शोधताना 'योग्य प्रत कोठून मिळणार?' हा प्रश्न केंद्रस्थानी असतो.

या लेखात आज्ञा, फाइलींची नावे आणि फोल्डरांचे मार्ग उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ते रोमन लिपीत लिहावे लागतात.

## इतिहास

१९९० च्या दशकात विंडोजवर नवे सॉफ्टवेअर बसवताना त्याचा स्थापना-कार्यक्रम प्रणालीच्या सामायिक डीएलएल फाइलींवर स्वतःजवळच्या जुन्या किंवा वेगळ्या प्रती लिहीत असे. परिणामी एक सॉफ्टवेअर सुरू झाले की दुसरे बंद पडे. या दुखण्याला संगणक व्यवसायात 'डीएलएल हेल' असे नाव पडले. त्यावरील उपाय म्हणून विंडोज ९८ मध्ये सिस्टिम फाइल चेकर देण्यात आले. त्या आवृत्तीत ते चित्रमय खिडकीतून चालणारे साधन होते आणि आवश्यक ती फाइल स्थापनेच्या सीडीवरून काढून घेता येत असे.

विंडोज २००० मध्ये 'विंडोज फाइल प्रोटेक्शन' ही यंत्रणा आली. संरक्षित फाइल बदलली गेल्यास ती पार्श्वभूमीवर आपोआप पूर्ववत करणे हे या यंत्रणेचे काम होते. एसएफसी हे तिचेच आज्ञेद्वारे चालणारे अंग बनले. विंडोज एक्सपी आणि विंडोज सर्व्हर २००३ मध्ये हीच रचना कायम राहिली.

विंडोज व्हिस्टा आणि विंडोज सर्व्हर २००८ मध्ये तिची जागा 'विंडोज रिसोर्स प्रोटेक्शन' या यंत्रणेने घेतली. बदललेली फाइल मागाहून पूर्ववत करण्याऐवजी ती बदलूच न देण्याचे धोरण या यंत्रणेने स्वीकारले. संरक्षित फाइलींची मालकी 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' या सेवेकडे सोपवण्यात आली. त्यामुळे प्रशासकालाही त्या फाइली थेट बदलता येत नाहीत.

## कार्यपद्धती

### विंडोज फाइल प्रोटेक्शन

विंडोज सर्व्हर २००३ मध्ये संरक्षित फाइलींची यादी प्रणालीतच साठवलेली असते. प्रत्येक फाइल योग्य आहे की नाही हे डिजिटल स्वाक्षरी असलेल्या कॅटलॉग फाइलींच्या आधारे ठरवले जाते. फाइल सदोष आढळल्यास तिची प्रत ठरावीक क्रमाने शोधली जाते: प्रथम 'सिस्टिम३२' फोल्डरातील 'डीएलएलकॅश' हा राखीव साठा, त्यानंतर नेटवर्कवरून स्थापना झाली असल्यास तो मार्ग आणि शेवटी स्थापनेची सीडी. सीडीची आवश्यकता भासल्यास पडद्यावर तशी सूचना येते. प्रशासकाने लॉग-इन केलेले नसेल तर ही सूचना दिसत नाही. जो सर्व्हर महिनोन्महिने लॉग-इनविना चालू असतो, त्यावर दुरुस्ती अशा प्रकारे खोळंबून राहू शकते.

### विंडोज रिसोर्स प्रोटेक्शन

विंडोज सर्व्हर २००८ पासून 'डीएलएलकॅश'ऐवजी 'विनएसएक्सएस' हा घटक-साठा वापरला जातो. प्रणालीचा प्रत्येक घटक या साठ्यात आवृत्तीनिहाय ठेवलेला असतो. 'सिस्टिम३२' फोल्डरात दिसणाऱ्या बहुसंख्य फाइली म्हणजे या साठ्यातील फाइलींचे 'हार्ड लिंक' असतात. दोन ठिकाणी दोन नावे दिसत असली, तरी डिस्कवरील प्रत्यक्ष मजकूर एकच असतो.

या रचनेचा दुरुस्तीवर मोठा परिणाम होतो. डिस्कवरील तो एकमेव मजकूर खराब झाला, तर वापरातील फाइल आणि साठ्यातील प्रत या दोन्ही एकाच वेळी निकामी ठरतात. प्रणाली सुरू होण्यासाठी अत्यावश्यक अशा निवडक घटकांच्या वेगळ्या प्रती साठ्याच्या 'बॅकअप' उपफोल्डरात ठेवलेल्या असतात. इतर फाइलींना असे संरक्षण नसते.

## आज्ञा व पर्याय

एसएफसी चालवण्यासाठी प्रशासकीय अधिकार आवश्यक असतात. मुख्य पर्याय पुढीलप्रमाणे आहेत:

* /स्कॅननाऊ – सर्व संरक्षित फाइली तत्काळ तपासून शक्य ती दुरुस्ती करतो. हा पर्याय विंडोज २००० पासूनच्या सर्व आवृत्त्यांत आहे.
* /स्कॅनवन्स आणि /स्कॅनबूट – अनुक्रमे पुढील एका वेळी आणि प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना तपासणी करतात. हे पर्याय सर्व्हर २००३ व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत आहेत.
* /पर्जकॅश – राखीव साठा रिकामा करतो. हा पर्यायही सर्व्हर २००३ व त्यापूर्वीचाच आहे. स्थापनेची सीडी हाताशी नसताना तो वापरल्यास दुरुस्तीचा एकमेव स्रोत नष्ट होण्याचा धोका असतो.
* /व्हेरिफायओन्ली – केवळ तपासणी करतो, दुरुस्ती करीत नाही. सर्व्हर २००८ पासून उपलब्ध.
* /स्कॅनफाइल आणि /व्हेरिफायफाइल – एकाच फाइलीची अनुक्रमे दुरुस्ती व तपासणी करतात. सर्व्हर २००८ पासून उपलब्ध.
* /ऑफबूटडिर आणि /ऑफविनडिर – बंद असलेल्या प्रणालीची बाहेरून दुरुस्ती करताना तिचे स्थान सांगण्यासाठी वापरतात. सर्व्हर २००८ पासून उपलब्ध.

## पाठबळाची समाप्ती

मायक्रोसॉफ्ट प्रत्येक सर्व्हर आवृत्तीला ठरावीक मुदतीपर्यंत सुरक्षा अद्यतने पुरवते. प्रमुख आवृत्त्यांच्या विस्तारित पाठबळाच्या समाप्तीचे दिनांक असे आहेत:

* विंडोज २००० सर्व्हर – १३ जुलै २०१०
* विंडोज सर्व्हर २००३ – १४ जुलै २०१५
* विंडोज सर्व्हर २००८ आणि २००८ आर२ – १४ जानेवारी २०२०
* विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ – १० ऑक्टोबर २०२३

सर्व्हर २००८ व त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स' ही सशुल्क योजना होती. तिच्याद्वारे सर्व्हर २००८ व २००८ आर२ यांना १० जानेवारी २०२३ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळाली. सर्व्हर २०१२ व २०१२ आर२ यांच्यासाठी ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठरवण्यात आली.

पाठबळ संपल्यानंतरही एसएफसी चालू शकते, कारण ते प्रणालीचाच भाग आहे. मात्र त्याच्या भोवतीची व्यवस्था हळूहळू मोडत जाते. ३ ऑगस्ट २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने 'एसएचए-१' या जुन्या पद्धतीने स्वाक्षरी केलेली विंडोजविषयक सामग्री आपल्या डाउनलोड केंद्रावरून काढून घेतली. सर्व्हर २००८ आर२ ला नव्या 'एसएचए-२' स्वाक्षऱ्या ओळखता याव्यात यासाठी मार्च २०१९ मध्ये ४४७४४१९ आणि ४४९०६२८ या क्रमांकांची अद्यतने देण्यात आली. मूळ तबकडीवरून नव्याने बसवलेला सर्व्हर ही अद्यतने बसवल्याशिवाय त्यानंतरची अद्यतने स्वीकारत नाही. जी संस्था स्थापनेच्या तबकड्या, सर्व्हिस पॅक आणि आवश्यक अद्यतने वेळीच जतन करीत नाही, तिच्यापुढे दुरुस्तीच्या वेळी सामग्री मिळवण्याचाच प्रश्न उभा राहतो.

## दुरुस्तीपूर्वीची तपासणी

फाइल बिघडणे हे बहुधा मूळ कारण नसून दुसऱ्या एखाद्या दोषाचे लक्षण असते. जुन्या सर्व्हरची यंत्रसामग्रीही जुनी असल्याने हार्ड डिस्क आणि रॅम यांची तपासणी आधी करणे हितावह ठरते. सदोष डिस्कवर एसएफसी चालवल्यास नवी प्रतही खराब जागी लिहिली जाऊ शकते.

प्रणालीच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'डिस्क' या स्रोताची ७ क्रमांकाची नोंद खराब जागा दर्शवते, तर 'एनटीएफएस' या स्रोताची ५५ क्रमांकाची नोंद फाइल-रचनेतील बिघाड दर्शवते. अशा नोंदी आढळल्यास प्रथम बॅकअप घेतला जातो. त्यानंतर 'चेकडिस्क' चालवले जाते किंवा डिस्कच बदलली जाते. रॅमच्या तपासणीसाठी सर्व्हर २००८ पासून 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हे साधन प्रणालीतच मिळते.

बॅकअप घेताना आभासी सर्व्हरच्या बाबतीत एक विशेष दक्षता आवश्यक असते. आभासी सर्व्हरचा 'स्नॅपशॉट' घेऊन दुरुस्ती फसल्यास त्यावर परत जाणे सोयीचे वाटते. परंतु सर्व्हर २०१२ पूर्वीची प्रणाली 'डोमेन कंट्रोलर' म्हणून काम करीत असेल, तर स्नॅपशॉटवर परतल्याने 'यूएसएन रोलबॅक' हा दोष उद्भवू शकतो. या दोषात इतर डोमेन कंट्रोलरांशी चालणारी माहितीची देवाणघेवाण विस्कळीत होते. अशा सर्व्हरसाठी प्रणालीच्या स्वतःच्या बॅकअप साधनाने घेतलेला 'सिस्टिम स्टेट' बॅकअप योग्य मानला जातो.

## विंडोज सर्व्हर २००३ वरील अडचणी

### सीडी घालूनही ती मागितली जाणे

ही या आवृत्तीवरील सर्वपरिचित अडचण आहे. सर्व्हरवर सर्व्हिस पॅक बसवलेला असतो आणि जवळची सीडी मात्र मूळ, सर्व्हिस पॅकविना असते. सीडीवरील फाइलींची आवृत्ती जुळत नसल्याने एसएफसी ती नाकारते आणि पुन्हा सीडी मागते. सर्व्हरची भाषा किंवा संस्करण सीडीपेक्षा निराळे असल्यासही असेच घडते.

त्यावरील उपाय म्हणजे सीडीवरील 'आय३८६' फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवणे आणि सर्व्हिस पॅकच्या 'अपडेट' या कार्यक्रमाला '/इंटिग्रेट' हा पर्याय देऊन त्यात सर्व्हिस पॅक मिसळणे. या प्रक्रियेला 'स्लिपस्ट्रीमिंग' म्हणतात. त्यानंतर रजिस्ट्रीतील 'सोर्सपाथ' या नोंदीत नव्या स्थानाचा मार्ग लिहिला जातो. या नोंदीत 'आय३८६' फोल्डराचा नव्हे, तर तो ज्या फोल्डरात आहे त्याचा मार्ग द्यावा लागतो. फोल्डर सी ड्राइव्हच्या मुळाशी असल्यास केवळ 'सी:\' एवढेच लिहिले जाते. येथे चूक झाल्यास योग्य फाइली असूनही त्या सापडत नाहीत.

### ६बीए ही त्रुटी

तपासणी सुरूच न होता '०एक्स०००००६बीए' हा त्रुटी-क्रमांक दिसल्यास 'आरपीसी सर्व्हर' उपलब्ध नाही असा त्याचा अर्थ होतो. सर्व्हर 'सेफ मोड'मध्ये असताना एसएफसी चालवल्यास ही त्रुटी येते. सर्व्हर नेहमीच्या पद्धतीने सुरू करून आज्ञा पुन्हा दिल्यास तपासणी सुरू होते.

### नोंदी

या आवृत्तीत एसएफसी स्वतंत्र लॉग फाइल लिहीत नाही. 'इव्हेंट व्ह्यूअर'च्या सिस्टिम विभागात 'विंडोज फाइल प्रोटेक्शन' या स्रोताखाली नोंदी होतात. ६४०१६ ही तपासणी सुरू झाल्याची, ६४०१७ ही ती पूर्ण झाल्याची, तर ६४०२१ ही विशिष्ट फाइल राखीव साठ्यात उतरवता न आल्याची नोंद होय. तपासणी पूर्ण झाल्याची नोंद पाहून समाधान मानण्यापूर्वी मधल्या काळात ६४०२१ क्रमांकाच्या नोंदी झाल्या आहेत का, हे पाहणे आवश्यक ठरते.

## विंडोज सर्व्हर २००८ व २००८ आर२ वरील अडचणी

### दुरुस्ती सेवा सुरू न होणे

दुरुस्ती सेवा सुरू करता आली नाही, असा संदेश आल्यास 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' ही सेवा बंद केलेली असण्याची शक्यता असते. सर्व्हरचा वेग वाढवण्याच्या किंवा अद्यतने थांबवण्याच्या हेतूने ती अनेकदा निष्क्रिय केली जाते. तिचा प्रकार 'मॅन्युअल' ठेवल्यास एसएफसी तिला आवश्यक तेव्हा सुरू करू शकते. ६४-बिट प्रणालीवर ३२-बिट आज्ञा-खिडकीतून एसएफसी चालवल्यासही हाच संदेश येऊ शकतो.

### विनंती पूर्ण करता न येणे

मागितलेली कृती करता आली नाही, असा संदेश आल्यास सर्व्हर 'सेफ मोड'मध्ये सुरू करून एसएफसी चालवले जाते. या बाबतीत सर्व्हर २००३ आणि नंतरच्या आवृत्त्या यांचे वर्तन परस्परविरुद्ध आहे. 'विनएसएक्सएस' फोल्डराच्या 'टेम्प' भागात 'पेंडिंगडिलीट्स' आणि 'पेंडिंगरिनेम्स' हे उपफोल्डर असल्याची खात्रीही करावी लागते. जागा वाचवण्यासाठी हाताने केलेल्या साफसफाईत ते पुसले गेल्याची शक्यता असते.

### प्रलंबित दुरुस्ती

आधीची दुरुस्ती प्रलंबित असून त्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागेल, असा संदेश वारंवार येत असल्यास एखादे अद्यतन अर्धवट बसलेले असते. सर्व्हर पुन्हा सुरू करूनही संदेश कायम राहिल्यास २००८ आर२ वर स्थापनेच्या डीव्हीडीवरून संगणक सुरू केला जातो आणि 'डिसम' या साधनाचा '/रिव्हर्टपेंडिंगअॅक्शन्स' हा पर्याय वापरून अर्धवट कृती मागे घेतल्या जातात. 'पेंडिंग.एक्सएमएल' ही फाइल हाताने पुसण्याचा मार्ग धोकादायक आहे, कारण त्यामुळे घटक-साठ्याची स्थिती आणि प्रत्यक्ष फाइली यांच्यात कायमची तफावत राहू शकते.

### काही फाइली दुरुस्त न होणे

सदोष फाइली सापडल्या, पण त्यांपैकी काही दुरुस्त करता आल्या नाहीत, हा संदेश सर्वांत गंभीर होय. घटक-साठ्यातील प्रतही निकामी असल्याचे तो बहुधा सूचित करतो. या आवृत्त्यांत एसएफसीला बाहेरचा स्रोत सांगण्याची सोय नाही. त्यामुळे आधी साठा दुरुस्त करणे आणि मग एसएफसी पुन्हा चालवणे असा क्रम ठेवावा लागतो.

सर्व्हर २००८ व २००८ आर२ साठी मायक्रोसॉफ्टने ९४७८२१ या क्रमांकाखाली 'सिस्टिम अपडेट रेडिनेस टूल' दिले होते. ते 'चेकसर' या नावानेही ओळखले जाते. ते साठ्याची तपासणी करून निष्कर्ष 'चेकसर.लॉग' या फाइलीत लिहिते. दुरुस्तीसाठी लागणारी पण न मिळालेली फाइल कोणत्या अद्यतनातील आहे, हे या लॉगमधील नावावरून कळते. ते अद्यतन मिळवून विंडोज फोल्डराच्या अंतर्गत असलेल्या 'चेकसर' या नेमलेल्या फोल्डरात ठेवले आणि साधन पुन्हा चालवले की दुरुस्ती पूर्ण होते. हे अद्यतन 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग'मध्ये, संस्थेच्या स्वतःच्या संग्रहात किंवा त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या सर्व्हरवर शोधले जाते.

### फसवे अहवाल

एसएफसीने दाखवलेला प्रत्येक दोष खरा असतोच असे नाही. २०१५ मध्ये आलेल्या ३०२२३४५ या अद्यतनानंतर सर्व्हर २००८ आर२ आणि २०१२ आर२ वर एसएफसी काही फाइली सदोष असल्याचे सांगू लागले. वापराची माहिती गोळा करणाऱ्या सेवेच्या या फाइली मुळातच बदलत्या स्वरूपाच्या होत्या आणि त्यांची गणना संरक्षित फाइलींत चुकीने झाली होती. अशा वेळी फाइलीचे नाव लॉगमधून पाहिल्याखेरीज पुनर्स्थापनेसारखा मोठा निर्णय घेणे योग्य ठरत नाही.

## विंडोज सर्व्हर २०१२ वरील अडचणी

सर्व्हर २०१२ पासून घटक-साठ्याची दुरुस्ती 'डिसम' या साधनाच्या '/रिस्टोअरहेल्थ' या पर्यायाने केली जाते. त्यापूर्वी '/स्कॅनहेल्थ' या पर्यायाने तपासणी करता येते. स्रोत सांगितला नसल्यास 'डिसम' निर्दोष फाइली विंडोज अपडेटवरून आणण्याचा प्रयत्न करते. इंटरनेटपासून तोडलेल्या सर्व्हरवर हा प्रयत्न अयशस्वी होतो. संस्थेच्या अंतर्गत अद्यतन-सर्व्हरशी जोडलेल्या यंत्रावरही असेच होऊ शकते. फाइली उतरवता न आल्यास '०एक्स८००एफ०९०६' आणि स्रोतात फाइली न सापडल्यास '०एक्स८००एफ०८१एफ' हे त्रुटी-क्रमांक दिसतात.

अशा वेळी '/सोर्स' या पर्यायाने स्थापनेच्या तबकडीवरील 'इन्स्टॉल.विम' ही फाइल आणि तिच्यातील योग्य संस्करणाचा अनुक्रमांक दिला जातो. '/लिमिटअॅक्सेस' या पर्यायाने विंडोज अपडेटकडे जाण्याचा प्रयत्न टाळता येतो. स्रोताची आवृत्ती तंतोतंत जुळणे येथेही आवश्यक असते. सर्व्हर २०१२ चा आवृत्ती-क्रमांक ६.२.९२०० आणि २०१२ आर२ चा ६.३.९६०० असा आहे. नावे जवळची असली तरी एकाची तबकडी दुसऱ्याला चालत नाही.

आवृत्ती जुळूनही '०एक्स८००एफ०८१एफ' ही त्रुटी कायम राहू शकते. मूळ तबकडीवर केवळ प्रकाशनाच्या वेळच्या फाइली असतात आणि बिघडलेली फाइल एखाद्या नंतरच्या अद्यतनातून आलेली असते. त्यासाठी तबकडीवरील प्रतिमेत ती अद्यतने मिसळावी लागतात किंवा तेवढीच अद्यतने बसवलेल्या दुसऱ्या निरोगी सर्व्हरचे विंडोज फोल्डर नेटवर्कद्वारे स्रोत म्हणून द्यावे लागते.

## नोंदींचे वाचन

सर्व्हर २००८ पासून एसएफसीचा तपशील विंडोज फोल्डराच्या 'लॉग्स\सीबीएस' या भागातील 'सीबीएस.लॉग' या फाइलीत लिहिला जातो. अद्यतनांच्या नोंदीही याच फाइलीत असल्याने ती प्रचंड मोठी असते. एसएफसीच्या ओळींवर चौकटी कंसात 'एसआर' ही अक्षरे असतात. 'फाइंडएसटीआर' या आज्ञेने तेवढ्या ओळी वेगळ्या काढता येतात.

वाचनाच्या वेळी तीन गोष्टी पाहिल्या जातात: दुरुस्त न झालेल्या फाइलीचे नाव, ती ज्या घटकाची आहे त्याची आवृत्ती आणि साठ्यातील प्रतही खराब असल्याचा उल्लेख. तिसरा उल्लेख असल्यास एसएफसी पुनःपुन्हा चालवण्याने काहीही साध्य होत नाही. बाहेरून प्रत आणणे हाच मार्ग उरतो.

## प्रणाली सुरू होत नसल्यास

सर्व्हर २००८ आणि नंतरच्या आवृत्त्यांत स्थापनेच्या तबकडीवरील दुरुस्ती-पर्यायातून आज्ञा-खिडकी उघडता येते. तेथून '/ऑफबूटडिर' आणि '/ऑफविनडिर' या पर्यायांसह एसएफसी चालवले जाते. या वातावरणात ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. २००८ आर२ मध्ये सुरुवातीच्या छोट्या राखीव विभागाला 'सी' हे अक्षर मिळून मुख्य विभाग 'डी' होतो, असे अनेकदा घडते. विंडोज फोल्डर नेमके कोणत्या अक्षराखाली आहे, हे 'डिर' या आज्ञेने आधी पाहिले जाते.

## पर्यायी उपाय

एकच फाइल सदोष असल्यास ती हाताने बदलता येते. त्यासाठी 'टेकओन' या आज्ञेने तिची मालकी घेतली जाते, 'आयकॅक्ल्स' या आज्ञेने बदलाचे अधिकार मिळवले जातात आणि मग निर्दोष प्रत तिच्या जागी ठेवली जाते. ही प्रत त्याच आवृत्तीच्या, त्याच सर्व्हिस पॅकच्या आणि तेवढीच अद्यतने असलेल्या सर्व्हरवरून घेतलेली असावी लागते. डीएलएल फाइली पुरवणाऱ्या अनधिकृत संकेतस्थळांवरून घेतलेल्या फाइलींची आवृत्ती आणि विश्वासार्हता या दोन्हींची खात्री नसते.

अनेक फाइली सदोष असल्यास आहे त्याच प्रणालीवर पुनर्स्थापना केली जाते. तीत सेटिंग व माहिती साधारणतः कायम राहते. मात्र प्रणालीच्या फाइली तबकडीच्या पातळीवर परत जातात आणि त्यानंतरची सर्व सुरक्षा अद्यतने पुन्हा बसवावी लागतात. पाठबळ संपलेल्या प्रणालीवर ही अद्यतने जतन केलेली नसतील, तर दुरुस्त झालेला सर्व्हर पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित होतो. म्हणून अशा पुनर्स्थापनेपूर्वी बसवलेल्या अद्यतनांची यादी करणे आणि ती सर्व अद्यतने उपलब्ध असल्याची खात्री करणे आवश्यक मानले जाते.

## मर्यादा

एसएफसी केवळ विंडोजच्या स्वतःच्या संरक्षित फाइली तपासते. रजिस्ट्री, वापरकर्त्यांची माहिती, डेटाबेस, अन्य कंपन्यांची सॉफ्टवेअर आणि त्यांचे ड्रायव्हर यांची तपासणी त्यात होत नाही.

याहून महत्त्वाची मर्यादा सुरक्षेची आहे. फाइल अस्सल आहे की नाही एवढेच एसएफसी सांगते, ती सुरक्षित आहे की नाही हे सांगत नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर सॉफ्टवेअरने विंडोजच्या फाइल-सामायिकीकरणातील एका दोषाचा गैरफायदा घेतला. त्या वेळी मायक्रोसॉफ्टने पाठबळ संपलेल्या सर्व्हर २००३ साठीही अपवाद म्हणून अद्यतन प्रसिद्ध केले. मे २०१९ मध्ये 'ब्ल्यूकीप' या दोषासाठी पुन्हा तसे करण्यात आले. ही अद्यतने न बसवलेल्या सर्व्हरवरील सदोष फाइली मायक्रोसॉफ्टच्याच मूळ फाइली असल्याने एसएफसीच्या दृष्टीने त्या पूर्णतः निर्दोष ठरतात.

त्यामुळे पाठबळ संपलेल्या सर्व्हरवर एसएफसीने एकही दोष न दाखवणे म्हणजे तो सर्व्हर वापरण्यास योग्य असणे नव्हे. अशी दुरुस्ती ही सर्व्हरवरील माहिती व सेवा नव्या प्रणालीवर हलवण्यापुरता वेळ मिळवून देणारी व्यवस्था मानली जाते. दरम्यानच्या काळात सर्व्हर इंटरनेटपासून अलग ठेवणे, बॅकअप प्रत्यक्ष परत आणून पाहणे आणि स्थापनेच्या तबकड्या, सर्व्हिस पॅक व अद्यतने दुसऱ्या ठिकाणी जतन करणे, ही कामे दुरुस्तीइतकीच महत्त्वाची ठरतात.

## हे सुद्धा पहा

* मायक्रोसॉफ्ट विंडोज
* विंडोज सर्व्हर २००३
* विंडोज सर्व्हर २००८
* संचालन प्रणाली
* वॉनाक्राय